मुरूम दरवर्षी गायब होतो, मग खडी तरी टिकेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वाईजवळ दहा गुंठे जागा, जमीन काळी. गेटपासून घरापर्यंत ६० फूट लांब आणि १० फूट रुंद वाट. दोन वर्षं लागोपाठ मुरूम टाकला, दोन्ही वेळा पावसाळा संपेपर्यंत तो दिसेनासा झाला आणि गाडी रुतायची ती रुतलीच. आता खाली प्लॅस्टिक अंथरून वर २० एमएम खडी टाकायचा विचार आहे. किती ब्रास लागेल, आणि हे घरच्या घरी जमेल का? शिवाय बागेतून तुळशीपर्यंत एक पायवाटही करायची आहे.

ब्रासचा हिशोब पुढे देतो. तो आधी दिला तर तुम्ही उद्याच क्रशरला फोन कराल, आणि आज आहे त्या जमिनीवर टाकलेली खडी मुरुमाच्या मागोमाग जाईल. पुणे-सातारा पट्ट्यात बंगले आणि फार्महाऊसच्या आवारातली कामं मी बरीच वर्षं करतोय. खडीच्या रस्त्याची तक्रार आली की दोष खडीत क्वचितच निघतो. तो खालच्या मातीत आणि न निघालेल्या पाण्यात असतो.

तुमचा मुरूम वाहून गेलेला नाही, तो तिथेच खाली आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि इतकी मऊ होते की चाकाच्या दाबाने मुरूम तिच्यात रुततो आणि त्याच्या फटींतून माती वर येते. मार्च-एप्रिलमध्ये तीच माती आकसून भेगाळते, आणि उरलासुरला बारीक माल त्या भेगांत उतरतो. दोन-तीन पावसाळ्यांत माती आणि मुरूम यांचा एकच काला होतो. २० एमएम खडीत तर फटी मुरुमापेक्षा मोठ्या, त्यामुळे माती आणखी सहज वर येईल. पहिल्या पावसाळ्यात बरं दिसेल, एवढंच.

रस्ते बांधणाऱ्या स्कॉटिश मॅकॅडमने दोनशे वर्षांपूर्वी मांडलेलं तत्त्व इथे अजून लागू आहे: भार शेवटी खालची जमीनच पेलते, दगड नाही, जमीन कोरडी राहिली तर ती पेलेल, ओली राहिली तर वर काहीही घाला. म्हणून तुमच्या कामाचा खरा प्रश्न दोन भागांचा आहे. पाणी रस्त्याखाली थांबू न देणं, आणि माती व दगड यांची सरमिसळ होऊ न देणं.

प्लॅस्टिकने यातलं पहिलं बिघडतं. वरून झिरपलेलं पाणी प्लॅस्टिकवर अडून राहतं, त्यावरचा थर कायम ओला, आणि गाडीचा ब्रेक लागला की खडी त्या गुळगुळीत पृष्ठावरून सरकते. वर्षभरात टोकदार खडी त्याला भोकं पाडते ती वेगळीच. शेतीच्या दुकानात मिळणारा मल्चिंग पेपरही यासाठी नाही. हवं ते जिओटेक्स्टाइल: न विणलेलं, पाणी झिरपू देणारं पण माती अडवणारं जाड कापड. २०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या, आसपासचं घ्या. ते सरळ काळ्या मातीवर, म्हणजे सगळ्या थरांच्या खाली जातं. पुष्कळ लोक ते वरच्या खडीखाली घालतात. तिथे ते फक्त गवतासाठी थोडंफार उपयोगी पडतं, आणि खडी पातळ झाली की चिंध्या वर दिसू लागतात.

आता जे तुमच्या जागेवर अवलंबून आहे ते आधी बघून घ्या. वाटेवर दोन-तीन ठिकाणी पहार आणि फावडं घेऊन खोदा. काळी माती किती खोल आहे? दीड-दोन फुटांवर पक्का मुरूम लागला, तर ती सगळी माती काढून मुरुमापासून वर या. कापडही लागणार नाही. माल जास्त लागेल, पण काम कायमचं होईल. नदीच्या अंगाला काळी माती चांगली पुरुषभर खोल निघू शकते. तिथे सगळी काढणं परवडत नाही, म्हणून कापड आणि जाड थर. काळ्या मातीत चुना मिसळून तिचं फुगणं कमी करता येतं, मोठ्या रस्त्यांवर करतातही. पण तो प्रमाणात, सारखा मिसळावा लागतो आणि हाताला-डोळ्यांना भाजतो. घरच्या कामात मी तो सुचवत नाही.

दुसरं म्हणजे उतार. ६० फुटांत गेट वर आहे की घर? दहा फुटांना एक फुटापेक्षा जास्त उतार असेल तर मोकळी खडी तिथे टिकत नाही, दर पावसात खाली ढीग होतो. अशा तुकड्यात चाकांखाली दोन काँक्रीटचे पट्टे आणि मध्ये खडी, असा मधला मार्ग बरा. तुमच्या वर्णनावरून जागा जवळपास सपाट वाटते, म्हणून पुढचं त्या हिशोबाने सांगतो.

सपाट काळ्या जमिनीत सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे फूटभर खोल खोदून तो खड्डा खडीने भरून जमिनीच्या पातळीला आणणं. चिकण मातीत खोदलेला खड्डा म्हणजे हौद. पावसाचं पाणी खडीच्या फटींतून त्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. मग ऑक्टोबरपर्यंत तुमचा रस्ता पाण्यात भिजत बसतो. म्हणून खोदायचं कमी आणि रस्ता उचलायचा जास्त. मी तुमच्यासाठी ७ इंच खोदाई धरतो: वरची मुळांची, भुसभुशीत माती आणि आधीच्या मुरुमाचा काला निघेल इतपत. त्यावर ६ इंच मुरूम, ४ इंच जीएसबी (खडी आणि दगडाचा चुरा यांचं मिश्रण), दीड इंच वरची खडी. एकूण साडेअकरा इंच, म्हणजे रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा साडेचार इंच वर येईल.

आणि दोन्ही बाजूंना चर. जमिनीपासून फूटभर खोल, म्हणजे रस्त्याच्या तळापेक्षा पाच इंच खाली. हा फरकच रस्ता कोरडा ठेवतो. चराचं पाणी शेवटी कुठे जाणार ते आधी ठरवा. शेजाऱ्याच्या बांधावर सोडलंत तर रस्ता टिकेल, शेजार टिकणार नाही. गेटसमोर सरकारी रस्त्याची गटार असेल तर ती भराव टाकून बुजवू नका. ग्रामपंचायतीला किंवा रस्ता ज्यांचा आहे त्यांना विचारून पुरेशा व्यासाचा ह्यूम पाईप (काँक्रीटचा पाईप) टाका. गेटवर पाणी तुंबलेल्या कितीतरी जागांत हीच गटार बुजवलेली सापडते.

गेटचंच आणखी एक. रस्ता साडेचार इंच उचलला की आत उघडणारं गेट त्यावर घासणार. काम सुरू करण्याआधी गेटखालची फट मोजा. एकतर बिजागऱ्या वर घ्या, नाहीतर गेटजवळचे सात-आठ फूट हळूहळू खाली उतरवून तिथे फरशी किंवा काँक्रीट करा. सरकतं गेट असेल तर हा तुकडा पक्काच हवा, कारण रुळात एक खडी अडकली तरी गेट जागचं हलत नाही. घरासमोर जिथे गाडी उभ्या उभ्या स्टिअरिंग फिरवून वळवता, तिथेही खडी नांगरल्यासारखी बाजूला होते. तेवढा चौकोन पेव्हर किंवा दगडी फरशीचा करा.

आता प्रत्यक्ष काम. खोदाई १० फुटी नको, १२ फुटी करा, कारण किनारीचे दगड मुरुमाच्या थरावर बसायला हवेत. मातीवर बसवलेली किनार पहिल्या पावसात बाहेर कलते. खोदाईला जेसीबी घ्या, पण दोरी आणि लेव्हलची नळी घेऊन स्वतः उभे राहा. जेसीबीवाल्याला खोल जाणं सोपं असतं. जास्त खोदलेलं परत मातीने भरलं की तो तुकडा कायमचा मऊ राहतो. निघालेली काळी माती बागेसाठी बाजूला ठेवा, ती फेकायची वस्तू नाही. तळालाच मध्ये उंच, कडेला उतरता असा आकार द्या. १० फुटी रस्त्याला मध्यभाग कडेपेक्षा २ इंच वर पुरतो. हा उतार तळापासूनच हवा; वरच्या खडीने तो करायला गेलात तर मध्ये खडी जाड होते आणि चाकं फिरू लागतात. तळ दाबून घ्या. भेगा असतील तर त्या बारीक मातीने भरून, हलकं पाणी मारून, दुसऱ्या दिवशी दाबा.

कापड अंथरताना पट्ट्यांचे जोड फूटभर एकमेकांवर घ्या, आणि ते उन्हात आठवडेच्या आठवडे उघडं ठेवू नका, कडक उन्हाने ते सडतं. कापडावरून गाडी नेऊ नका. डंपर मागून आणून मुरूम पुढे ओतत ओतत, ओतलेल्या मुरुमावरूनच पुढे सरकू द्या.

मुरूम निवडताना रंगावर जाऊ नका. मूठभर ओला करून दाबा. गोळा झाला आणि बोटाने दाबताच खरखरीत दाणे मोकळे झाले, तर माल चांगला. चिकटून लांब वळी होत असेल तर ती माती आहे, परत पाठवा. तुम्हाला आधी आलेला मुरूम कदाचित असाच असावा. मुरूम आणि खडी ही गौण खनिजं आहेत, तेव्हा गाडीवाल्याकडे वाहतुकीचा पास आहे का ते बघून पावती ठेवा. विनापास माल स्वस्त मिळतो, पण नंतरची चौकशी तुमच्या दारात येते.

थर दाबणं हे सगळ्या कामाचं मर्म, आणि त्यावरच सगळ्यात जास्त वेळ वाचवला जातो. सहा इंच मुरूम एकदम टाकून वरून कॉम्पॅक्टर फिरवला तर वरचे दोन-तीन इंचच बसतात, खालचा भुसभुशीत राहतो. म्हणून तीन-तीन इंचांचे दोन थर. प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो. हाताची धुमस पायवाटेला ठीक, गाडीच्या रस्त्याला नाही. जेसीबीच्या बकेटने थोपटणं म्हणजे दाबणं नव्हे, आणि ट्रॅक्टर पुढेमागे केला की फक्त त्याच्या चाकोरीतच माल बसतो. मुरूम किंचित ओलसर हवा. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून ठेवलं तर सकाळी बरोबर येतो.

त्यावर जीएसबी, म्हणजे क्रशरवर मोठी खडी, बारीक खडी आणि कच (दगडाचा चुरा) एकत्र करून देतात ते मिश्रण. जीएसबी मिळाली नाही तर ४० एमएम खडी आणि वरून फटी भरायला कच. रस्त्याचे ठेकेदार या थरावर टँकरने पाणी मारून रोलर फिरवतात, म्हणून तुम्हालाही कोणी तसं सांगेल. काळ्या मातीवर ते टाळा. ते पाणी खाली उतरून आत्ताच दाबलेला तळ मऊ करतं. ओलसर जीएसबी आणून दाबली की पुरतं. चालताना टाचेखाली खडा हलत नाही, इतकं दाबायचं.

किनार काळ्या दगडाची घ्या. विटा दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. जांभ्याचा चिरा कोकणात उत्तम, पण वाईला काळा दगड जवळ असताना तो लांबून आणण्यात अर्थ नाही. दगड सिमेंटने सलग जोडू नका, काळी माती वर-खाली झाली की सलग किनार तडकते. दगड सुटे बसवून मागून थोडा काँक्रीटचा आधार द्या आणि पाच-सहा फुटांवर बोटभर फट सोडा, म्हणजे वरचं पाणी चरात जाईल. किनार खडीपेक्षा इंचभर वर हवी.

वरची खडी २० एमएम नको, १० ते १२ एमएम घ्या. २० वर चपलेने चालणं जिकिरीचं होतं. ६ एमएम टायरच्या खाचांत आणि बुटांच्या तळव्यांत बसून घरात येते. गोल गोटे तर गाडीच्या वाटेवर अजिबात नको, कारण ते एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखाली नुसते फिरतात. पांढरे गोटे दिसायला छान, पण आपल्या पावसात ते हिरवे पडतात आणि उन्हात डोळ्यांवर येतात. फोडलेल्या काळ्या दगडाची, चौकोनी अंगाची खडी मागा. चपटी पापुद्र्यासारखी खडी घेऊ नका. नंबराने मागू नका, नंबर भागाभागात बदलतात, एमएममध्येच सांगा. खालच्या थरात कच हवा तसा वरच्या थरात तो अजिबात नको, धुतलेली किंवा चाळलेली खडी घ्या. धुळीची खडी पहिल्या पावसात चिखल करते आणि त्याच चिखलात गवत रुजतं. आणि जाडी दीड इंच, दोनच्या वर नाहीच. ‘थोडी जास्त टाकू, टिकेल’ हा विचार उलटा पडतो. जाड खडीत सायकल, बाळाची गाडी, व्हीलचेअर काहीच चालत नाही.

आता ब्रास. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. मुरूम १२ फूट रुंद, ६० फूट लांब, अर्धा फूट जाड, म्हणजे दाबल्यावर ३६० घनफूट. सुटा माल दाबून साधारण चौथ्या भागाने तरी कमी होतो, म्हणून पावणेपाच ब्रास मागवा. जीएसबी ११ फूट रुंदीत ४ इंच: २२० घनफूट दाबलेली, म्हणजे सुटी पावणेतीन ते तीन ब्रास. वरची खडी ६०० चौरस फुटांवर दीड इंच म्हणजे ७५ घनफूट. पूर्ण एक ब्रास घ्या आणि उरलेली कोपऱ्यात ठेवा, ती पुढे लागतेच. गाडी रिकामी करण्याआधी टेपने तिची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा, तिन्ही गुणून १०० ने भागा. ‘तीन ब्रासची गाडी’ ऐकून पैसे देऊ नका. दराचं मी काही सांगत नाही, तो क्रशरपासूनच्या अंतरावर ठरतो.

स्वतः करण्याजोगं काय? आखणी, लेव्हल, कापड, किनार आणि वरची खडी पसरणं हे घरच्या तीन-चार माणसांत होतं. एक ब्रास खडी चार टनांच्या वर भरते, म्हणून ती एका ढिगात न उतरवता चालकाला फाळका थोडा उघडून गाडी हळूहळू पुढे घ्यायला सांगा. घमेल्यांची निम्मी मेहनत वाचते. खोदाई आणि दाबणं मात्र यंत्रानेच.

एकाच हंगामात सगळं संपवायची घाई नसेल तर माझी पद्धत अशी: दिवाळीनंतर ते एप्रिलच्या दरम्यान जीएसबीपर्यंतचं काम उरकायचं आणि एक पावसाळा गाडी त्यावरूनच न्यायची. तो थर गाडी पेलायला पुरेसा असतो. जिथे दबेल, जिथे पाणी साचेल, ते स्वच्छ दिसतं. दसऱ्यानंतर तेवढे खळगे जीएसबीने भरून, दाबून, मग वरची खडी. खळगे खडीने भरले तर ते पुन्हा तिथेच येतात. मृगाच्या तोंडावर खोदाई मात्र काढू नका. उघड्या काळ्या तळावर एक वळीव जरी पडला तरी आठवडाभर काम बंद.

तुळशीपर्यंतच्या पायवाटेला एवढा खटाटोप नाही. एका माणसाला ३ फूट, दोघांना शेजारी चालायला ४ फूट. वरची माती ३-४ इंच काढा, कापड, ३ इंच मुरूम धुमसून, मग दीड इंच खडी आणि कडेला दगड. पण तुळशीकडे आपण अनवाणी जातो, सकाळी पाण्याचा तांब्या हातात असतो. खडीवर तळपाय सोलवटतील. त्या वाटेत पावलापावलावर शहाबादी फरशीचे तुकडे खडीच्या पातळीला बसवा आणि वृंदावनाभोवती, तसंच दारासमोर चार-पाच फूट फक्त फरशी ठेवा. रांगोळीला जागा होते आणि खडी पायाला लागून घरात येत नाही. घरात वयस्कर माणसं किंवा वॉकर असेल तर पायवाटेवर खडीच नको, सलग फरशी करा.

गवताचं खरं सांगायचं तर ते येणारच. खालून येणारं कापड अडवतं, पण बहुतेक गवत वरून उडून आलेल्या धुळीत आणि कुजलेल्या पानांत रुजतं. आंब्या-जांभळाच्या खाली वाट असेल तर पाला दर आठवड्याला काढा. लव्हाळा मात्र कापडालाही भोक पाडून वर येतो. त्याच्या गाठी खोदाईच्या वेळीच वेचून काढा. मीठ टाकायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, ते पाण्याबरोबर चरातून तुमच्याच झाडांच्या मुळाशी जातं. पावसाळ्यात माती मऊ असताना हाताने उपटणं सगळ्यात सोपं. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास, चाकोरीतून बाजूला गेलेली खडी दाताळ्याने परत मध्ये ओढा. चर साफ करणं त्याहून महत्त्वाचं, ते मेअखेरीस. दोन-तीन वर्षांनी थोडी नवी खडी लागते, कोपऱ्यात ठेवलेली तेव्हा कामी येईल.

खोदून बघितल्यावर काळी माती किती खोल निघाली, गेटखालची फट किती इंच आहे आणि चराचं पाणी कुठे सोडता येतंय, एवढं कळवा. कापड लागेल की नाही आणि मुरुमाचा थर कमी करता येईल का, हे त्यावरच ठरेल.